वर ‘चाल’ लिहा, मग खुशाल उचला

जुन्या रेकॉर्डवरून दोन सेकंदांचा आवाज कापून त्यावर नवं गाणं उभं करणाऱ्या मुलाला आपल्याकडे चोर ठरवायला फार वेळ लागत नाही. अंबरनाथ पूर्वेत तर अजिबात नाही. इथे सकाळी कुकरच्या शिट्ट्या, दिवसभर स्टेशनवरच्या उद्घोषणा आणि रात्री कुणाच्या तरी हळदीतला डीजे. एवढ्या गदारोळात कानसईतल्या एखाद्या तिसऱ्या मजल्यावर हेडफोन लावून बसलेला मुलगा आजोबांच्या नाट्यगीताच्या तबकडीतली ऑर्गनची एक लकेर उचलतो, ती एकापुढे एक आठ वेळा चिकटवतो, खाली धपाधपा ड्रम घालतो आणि या सगळ्याला ‘बीट’ म्हणतो. आजोबांच्या मते पिन अडकली आहे. वडिलांच्या मते आयुष्य अडकलं आहे. शेजारच्या काकांच्या मते हे सरळसरळ ढापणं आहे, आणि काकांना यातलं कळतं, कारण त्यांच्या मोबाइलमधले सगळे सिनेमे कुणीतरी ‘पाठवलेले’ असतात. वडिलांच्या शंकेला उत्तर देणं आजवर कुणालाच जमलेलं नाही, तेव्हा ती सोडून देऊ. उरलेल्या दोघांशी मात्र वाद घालता येतो. माझं म्हणणं असं की, हे ढापणं आहे हे खरंच; पण ढापण्याची एक सभ्य मराठी रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली होती आणि ती छापील स्वरूपात उपलब्ध आहे. ती पाळणाऱ्या मुलाला चोर म्हणायचं, तर त्याच्या आधी निम्मी मराठी संगीत रंगभूमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करावी लागेल.

आधी हा उद्योग चालतो कसा ते पाहू, कारण चोर म्हणणाऱ्यांना वाटतं की बटण दाबलं आणि झालं. तबकडी प्रथम धुवावी लागते. माळ्यावर कित्येक पावसाळे काढलेल्या रेकॉर्डच्या खाचेत धूळ आणि बुरशी कायमची भाडेकरू होऊन बसलेली असते. एलपी असेल तर ती प्लास्टिकची, तिला बरंच काही सोसतं. पण त्याआधीची ७८च्या वेगाची तबकडी लाखेची. तिला चुकून स्पिरिट लावलं की साक्षात बालगंधर्व विरघळतात. शिवाय ७८ची खाच रुंद. एलपीची बारीक सुई तिच्यात टाकली तर ती तळाशी लोळत राहते आणि गाण्याऐवजी धूळच वाचून दाखवते. हे सगळं जमलं की मग ऐकायचं, आणि ऐकायचं ते गाणं नव्हेच. मुखड्याआधी गायिका श्वास घेते ती फट, ऑर्गनवाल्याने नुसती जागा भरायला वाजवलेले चार स्वर, गाणं संपल्यावर एकटा उरलेला ठेका. रसिक ज्या जागी खोकून घेतात, नेमक्या त्या जागी या मुलाचा जीव अडकलेला असतो. तुकडा भलत्या ठिकाणी कापला तर दर फेरीला ‘टक’ वाजतो, म्हणून स्क्रीनवर आवाजाची लाट मोठी करून ती शून्याची रेघ ओलांडते तिथेच कातरायची. मग लक्षात येतं की ही पट्टी धड काळी दोन नाही आणि धड पांढरी तीनही नाही, कारण त्या काळी सगळी यंत्रं एकाच वेगाने फिरत होती असं कुणी लिहून दिलेलं नाही. ती सरळ करण्यात रात्र जाते. एवढ्या मेहनतीत माणूस रीतसर चोरी शिकला असता.

यातला सगळ्यात अजब भाग म्हणजे खरखर. रेकॉर्ड कंपन्यांच्या तंत्रज्ञांनी ती घालवण्यासाठी हयात वेचली. घरोघरी मखमली फडक्याने तबकडी पुसण्याचा मान कर्त्या माणसाचा असे आणि मुलांनी हात लावला तर हातावर बसत असे. शेवटी सीडी आली आणि खरखर गेली. गेल्याबरोबर ती मौल्यवान झाली. आज स्वच्छ, निर्मळ, डिजिटल आवाजावर खोटी खरखर शिंपडणारी सॉफ्टवेअरं मिळतात. धूळ किती, ओरखडे किती, तबकडी वाकडी किती, हे खुंटी फिरवून ठरवता येतं. तीन पिढ्यांत एका घराने आधी धूळ पुसली, मग रेकॉर्ड भंगारात दिली आणि आता धूळ डाऊनलोड केली.

या विद्येचं मूळ गाव न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क नावाच्या मूळच्या जमैकन तरुणाने बहिणीच्या पार्टीत एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या आणि ज्यात फक्त ड्रम वाजतात तो तुकडा आलटून पालटून लांबवत नेला. गाणं गेलं खड्ड्यात, लोकांना नाचायला तेवढंच हवं होतं. पुढे यंत्रं आली. ई-म्यू कंपनीचं १९८७ सालचं एसपी-१२०० हे त्यातलं नामांकित. त्याच्या पोटात सगळा मिळून जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावे. म्हणून हे लोक ३३च्या वेगाची रेकॉर्ड ४५वर पळवून आवाज आत भरत आणि आत गेल्यावर तो पुन्हा मंद करत. टूथपेस्टची नळी मधोमध कापून आतली उरलेली पेस्ट बोटाने काढणाऱ्या समाजाला या काटकसरीचं खरं तर कौतुक वाटायला हवं. पण हर्कची आणखी एक सवय होती आणि पुढच्या सगळ्या भानगडींचं बीज तिच्यात आहे. तो रेकॉर्डची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकत असे. हेतू असा की प्रतिस्पर्ध्यांना कळू नये, माल कुठला आहे. म्हणजे उचलणं आणि नाव पुसणं ही जुळी भावंडं म्हणूनच तिथे जन्माला आली.

आता आजोबांची अडकलेली पिन. एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्यात कसली कला, हा त्यांचा सवाल. याचं उत्तर अंबरनाथ पूर्वेतच, वालधुनीच्या काठी, शके ९८२ पासून म्हणजे इ. स. १०६० पासून उभं आहे. शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिराचं शिखर भूमिज धाटणीचं. त्याचा वरचा भाग ढासळलेला असला तरी रचना अजून कळते: एकाच छोट्या शिखराची प्रतिकृती खालून वर, ओळीने, वर जाता जाता लहान होत गेलेली. एक घडण घेतली आणि ती लावत गेले. कुठल्याही भाविकाने आजवर शिखराकडे बघून ‘पाथरवटाची छिन्नी अडकली’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. दगड नको असेल तर तबल्याचं एकलवादन घ्या. तबलजी कायदे, रेले, तुकडे वाजवून टाळ्या घेत असतो आणि शेजारी हार्मोनियमवाला अर्धा-अर्धा तास एकच ओळ वाजवत बसतो. तिला लेहरा म्हणतात आणि तो बिनचूक धरणाऱ्याला जाणकार मान देतात. लॅपटॉप नेमकं तेच करतो, फक्त तो मध्येच पान खायला उठत नाही. दादरा असो की तीनताल, ठेका म्हणजेच फिरून फिरून समेवर येणं. आजोबांनी आयुष्यभर लूपच ऐकले आहेत, त्यांना तसं कुणी सांगितलं नाही इतकंच.

आजोबांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे: अखंड कलाकृतीची अशी खांडोळी करायची? पण अखंड होती कुठे? ७८च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. रंगभूमीवर वन्समोअरांवर वन्समोअर घेत रंगणारं पद रेकॉर्डिंगच्या खोलीत शिरलं की त्याची लांबी घड्याळाने ठरे. आलाप गेले, फिरती गेली, राहिला तो अर्क. मैफलीची पहिली कापाकापी कुठल्या पोराने लॅपटॉपवर केलेली नाही. ती कंपनीने केली आणि आपण तिला ‘ध्वनिमुद्रिका’ म्हणून दिवाणखान्यात स्थान दिलं. पोरगा कापलेल्यातून आणखी कापतो, इतकाच फरक. शिवाय अगदी सुरुवातीच्या तबकड्यांत एक गंमत आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गाऊन झाल्यावर शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत ठणकावून सांगितलं. ध्वनिमुद्रणं तबकड्यांवर उमटवण्यासाठी जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही पद्धत पडली, असं सांगतात. कारण काहीही असो, त्या तबकडीत नाव लेबलवर नव्हे तर गाण्यातच होतं. ते कुणाला भिजवून काढता आलं नसतं. कापता मात्र येतं, आणि सॅम्पल, म्हणजे असा कापलेला तुकडा, घेणारा नेमका तेवढाच भाग घेत नाही.

इथे आपण काकांपाशी येऊन पोहोचतो. चोरी. तर अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं १८८२ मध्ये. त्यातल्या चाली अण्णासाहेबांनी कुठून आणल्या? कीर्तनातून आणल्या, लावणीतून आणल्या, कर्नाटकातून आणल्या. जिथे कानाला गोड लागलं तिथून आणल्या. १९११ सालच्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमऱ्या-कजऱ्यांच्या मुलखातून माल उतरवला. १९१६च्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी घराण्यांच्या तिजोऱ्यांतल्या बंदिशी थेट रुक्मिणीच्या अंगणात आणून ठेवल्या. याला कुणी चोरी म्हटलं नाही, सुवर्णकाळ म्हटलं. आणि का म्हणू नये? जुन्या नाटकाचं पुस्तक उघडा. पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात ‘चाल’ असं छापून पुढे मूळ गाण्याचे शब्द दिलेले असतात. म्हणजे नाटककार प्रेक्षकाला स्वतःहून सांगतो की बाबा रे, हे इथून घेतलंय. अशी प्रामाणिक उचल जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. हीच रीत पुढे देवळाबाहेर मिळणाऱ्या भजनाच्या पुस्तिकांपर्यंत आली. विठ्ठलाच्या अभंगाच्या डोक्यावर कंसात चाल म्हणून असं काही चित्रपटगीत दिलेलं असतं की पुंडलिकाने वीट फेकून मारावी. पण दिलेलं असतं. लोकलच्या भजनी मंडळातला बुवा डब्याच्या पत्र्यावर ताल धरून गातो तेव्हाही आजूबाजूच्या दोनशे जणांना मूळ गाणं ठाऊक असतं आणि बुवाला ते ठाऊक आहे हे ठाऊक असतं. यात लपवाछपवी नाही.

यावर काका म्हणतील, चाल उसनी घेणं वेगळं आणि दुसऱ्याने गाऊन-वाजवून ठेवलेला आवाजच उचलणं वेगळं. बरोबर आहे. हा या वादातला खरा आक्षेप आणि तो विनोदाने उडवून लावता येणार नाही. चाल घेणाऱ्याला निदान स्वतः गावं लागतं. सॅम्पल घेणारा दुसऱ्याचा गळा, दुसऱ्याचा हात, दुसऱ्याचा घाम घेतो. अमेरिकेत ‘द विन्स्टन्स’ नावाच्या बँडच्या १९६९ सालच्या एका रेकॉर्डमध्ये ग्रेगरी कोलमन या ड्रमरने सुमारे सहा सेकंद ड्रम वाजवले. ते सहा सेकंद पुढे हजारो गाण्यांत वापरले गेले, त्यांच्यावर संगीताचे आख्खे प्रकार उभे राहिले. कोलमनला त्यातून काहीही मिळालं नाही आणि २००६ साली तो बेघर अवस्थेत मेला. त्यामुळे ‘दोनच तर सेकंद घेतले’ हा बचाव मला पटत नाही. दोन सेकंदांत काही नसतं तर ते घेतले कशाला असते? पण नाव न लावण्याचं पाप सॅम्पलवाल्याच्या एकट्याच्या माथी मारू नये. मुंबईच्या चित्रपटगीतांतले जे वाद्यमेळ आज जगभर कापले जातात, ते रचणाऱ्यांत आणि वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं किती होती! सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, आपल्या चितळकर रामचंद्रांबरोबर काम करणारा चिक चॉकलेट. रेकॉर्डच्या लेबलवर गायक सापडेल, संगीतकार सापडेल, सिनेमा सापडेल. ही नावं शोधून पाहा. तबकडीची कंपनी स्वतःच अर्धं लेबल भिजवून बसली होती.

आणि आता उल्हासनगर. अंबरनाथकराला या विषयावर बोलताना एक नैसर्गिक अधिकार आहे, कारण तो पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या ‘मेड इन यूएसए’वर हसत आला आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या पोराला मुंजीच्या आधी माहीत होतो. फाळणीत सगळं गमावून कल्याण कॅम्पात आलेल्या माणसांनी जगातली कुठलीही वस्तू बघून तशीच करून दाखवली, म्हणून जगाने त्यांना नकलाकार म्हटलं. पण २००२ साली खुद्द खऱ्या यूएसएने काय केलं? ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणं अमेरिकेत गाजलं, पहिल्या दहांत गेलं. त्यात मागे अख्खाच्या अख्खा आवाज होता लताबाईंचा, १९८१ सालच्या ‘ज्योति’ सिनेमातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्यातला. संगीत बप्पी लाहिरींचं. विचारलं कुणाला? कुणालाच नाही. २००३ साली लॉस एंजलिसच्या न्यायालयाने हुकूम काढला की लाहिरींचं नाव लावल्याशिवाय अल्बम विकायचा नाही. परदेशी चालींशी जवळीक असल्याचा आरोप ज्यांनी जन्मभर हसत झेलला, त्या बप्पीदांना अमेरिकन न्यायाधीशाने ‘मूळ संगीतकार’ ठरवलं, हा क्षण उल्हासनगरच्या चौकात मिठाई वाटून साजरा व्हायला हवा होता. लगोलग ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मध्ये ‘एक दूजे के लिए’तल्या गाण्याची व्हायोलिनं वाजली. मूळ संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं. नक्कल आम्ही केली तर डुप्लिकेट आणि त्यांनी केली तर ग्रॅमी.

मग परवानगी घेऊनच करावं, असं म्हणणं सोपं आहे. कुणाची घ्यायची, हे ठरवणं अवघड. ‘आराधना’तल्या एका गाण्याचा तुकडा वापरल्याबद्दल सारेगामा या रेकॉर्ड कंपनीने टिंबालँड या निर्मात्यावर अमेरिकेत दावा लावला. २०११ साली तिथल्या अपील न्यायालयाने तो फेटाळला, कारण १९६७चा करार नीट वाचल्यावर असं निघालं की त्या ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे नाहीच. इतकी वर्षं जी वस्तू आपली म्हणून कपाटात ठेवली, ती आपली नाही हे परक्याने चोरल्यावर कळलं! आपला कायदा तुलनेने सरळ आहे. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचं संरक्षण ६० वर्षांचं. १९६० साली निघालेली तबकडी २०२१च्या १ जानेवारीपासून मोकळी. पण चालीचा आणि शब्दांचा हक्क वेगळा आणि तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं चालतो. म्हणजे तबकडी मोकळी झाली तरी चाल सुधीर फडक्यांची असेल, तर बाबूजी २००२ साली गेले, तेव्हा २०६२ सरेपर्यंत हात जोडून उभं राहायचं. नुसता तीनतालाचा ठेका, तंबोऱ्याचा झंकार, ऑर्गनचा एखादा सूर मात्र कुणाच्या बापाचा नाही, आणि गंमत अशी की मुलाला हवा असतो तोच. २०१२च्या दुरुस्तीनंतर वाजवणाऱ्या-गाणाऱ्या कलाकाराला आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही आहे. कायद्याने शंभर वर्षं उशिराने ‘चाल’ लिहायला सांगितली म्हणायची.

राहता राहिला एक प्रश्न, ज्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. ज्या कलाकाराला हे मुळीच आवडलं नसतं, त्याचं काय? केसरबाई केरकरांना आपलं गाणं कुणी परस्पर टिपून घेतलेलं खपत नसे. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीतून सूर्यमालेबाहेर पाठवली गेली. सोबत सुई आहे आणि तबकडी कशी वाजवायची याची आकृतीही आहे. उद्या एखाद्या परग्रहावरच्या पोराने तिच्यातले दोन सेकंद कापले, तर त्याच्यावर दावा ठाण्याच्या न्यायालयात लावायचा की कल्याणच्या, हे वकिलांनी ठरवावं. पृथ्वीवरच्या पोरापुरतं मी इतकंच म्हणेन की बाईंच्या तानेला हात लावू नये. मागचा तबला घ्यावा आणि तबलजीचं नाव शोधून काढावं.

ते शोधता येतं. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे, तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ आहे, आणि कुठल्या तबकडीवर साथीला कोण होतं हे तोंडपाठ असलेली माणसं अजून आहेत. घरातले आजोबा त्यांतलेच एक असण्याची शक्यता दांडगी आहे. त्यांना कधी विचारलं गेलेलं नाही. तेव्हा बीट बनवणाऱ्या मंडळींना विनंती अशी की गाणं इंटरनेटवर चढवताना खाली जिथे स्वतःच्या इन्स्टाचा पत्ता देता, तिथेच एक ओळ टाका: अमुक तबकडी, अमुक गायक, साथ अमुक. नावं सापडली नाहीत तर निदान लेबलवर छापलेला रेकॉर्डचा क्रमांक लिहा. आणि लेबल धुताना भिजू देऊ नका.